फक्त ऐकणारं कपाट

बाबा,

गेल्या आठवड्यात टिटवाळ्याचं घर रंगवायला काढलं. आतल्या खोलीत, खिडकीच्या वरच्या अंगाला, रंगाऱ्याला भिंतीत मुठीएवढं भोक सापडलं. "ताई, हे एसीचं होतं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, केबलचं होतं, बुजवून टाका. त्याने सिमेंट थापून ते लगेच बुजवलंही. पण त्या दिवसापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलत सुटलेय. भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावर, ऑफिसात कुणी समोर काही सांगत असतानासुद्धा. तेव्हा म्हटलं, एकदा बसून लिहूनच काढावं.

मी लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हा ठाण्याला नौपाड्यातल्या भाड्याच्या खोल्या सोडून तुम्ही, सासूबाई आणि तुमचा मुलगा टिटवाळ्याला येऊन फार दिवस झाले नव्हते. नवी बिल्डिंग, आजूबाजूला मोकळी शेतं, नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही. तुम्ही शाळेतून नुकतेच रिटायर झालेले. चित्रकलेचे मास्तर. आतली खोली तुमची, हे कुणी कधी बोललं नव्हतं पण सगळ्यांना माहीत होतं. उत्तरेचा उजेड येतो म्हणून फ्लॅट घेताना ती खोली तुम्ही आधी पाहिली होतीत म्हणे, स्वयंपाकघर नंतर. सासूबाई हे सारखं ऐकवायच्या. त्या खोलीत तुमचा चित्राचा फळा टेकवायचा लाकडी घोडा, रंगांच्या पेट्या, पाण्याचे डबे, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली खाडीची चित्रं. "आयुष्यभर पोरांच्या चित्रातल्या चुका काढल्या," तुम्ही म्हणायचात, "आता स्वतःच्या काढतो. जास्त सापडतात."

सुनेने टॉवरवर चढायचं, हे घरात कुणालाच नीट पचलेलं नव्हतं. मी नौपाड्यात ट्रंक रेडिओच्या, म्हणजे गाड्यांतल्या वायरलेस सेटच्या, एका लहानशा कंपनीत लागले होते. ट्रंक रेडिओ म्हणजे काय ते लग्नाच्या बैठकीत कुणीच विचारलं नाही, "इंजिनिअर आहे" एवढ्यावर भागलं. वर्तकनगरच्या पलीकडे डोंगराच्या उतारावर आमचा टॉवर होता, आणि मी ओढणी कमरेला गच्च बांधून त्यावर चढायचे. एकदा ती ओढणी बोल्टला अडकली. पडले नाही, पण हात कोपरापासून खरवडून निघाला. घरी मी बाही खाली ओढून वाढायला घेतलं. तुम्ही जेवता जेवता एकदा हाताकडे पाहिलंत. रविवारी सकाळी म्हणालात, "चल जरा नौपाड्याला जाऊन येऊ."

तुमचा तो जुना शिंपी, शाळेचे गणवेश शिवणारा. तुम्ही कापडाच्या दुकानातून जाड खाकी रंगाचं कापड घेतलंत आणि त्याच्यासमोर टाकलंत. तो माझ्याकडे बघतो, कापडाकडे बघतो. "मास्तर, लेडीज पँट आपण शिवत नाय."

"लेडीज नको शिवूस. इंजिनिअरची शिव. खिसे खोल ठेव, पाना मावला पाहिजे."

पँट्स शिवून आल्यावर सासूबाई दोन दिवस आपल्या दोघांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या पँट्स इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या होत्या. त्यावर तुम्ही डोळ्यांनीच मला खूण केलीत, की आता काही बोलू नकोस.

आमच्या कामाची अडचण तुम्हाला मी पहिल्यांदा सांगितली ती स्वयंपाकघरात. तुम्ही ओट्यापाशी स्टुलावर बसून चहा पिताय, मी डबा भरतेय. त्या आठवड्यात कल्याणच्या अँब्युलन्स ट्रस्टचे लोक ऑफिसात येऊन साहेबांना बरंच बोलून गेले होते. त्यांच्या सगळ्या गाड्यांत आणि ड्रायव्हरांच्या हातात आमचे सेट. थोडे चॅनेल बऱ्याच गिऱ्हाइकांनी वाटून वापरायचे, अशी ती व्यवस्था. ड्रायव्हरने बटण दाबलं की सेट आधी टॉवरकडे जागा मागतो, टॉवरने मोकळा चॅनेल दिला की मग बोलायचं. टॉवरने ऐकलंच नाही तर सेट नुसता भ्यां करून नकार देतो. आणि डोंबिवलीपासून पुढे हे भ्यां फार वाढलं होतं. महिनाअखेर सुधारलं नाही तर सगळे सेट परत, असं ते सांगून गेले होते.

"कपाळाला आठी कसली?" तुम्ही विचारलंत.

"आमचा टॉवर बोलतो ते टिटवाळ्यापर्यंत छान ऐकू जातं. ड्रायव्हर उत्तर देतो ते टॉवरला ऐकू येत नाही. त्याच्या हातातला सेट केवढासा, मध्ये पारसिकचा डोंगर."

"मग साहेब काय म्हणतात?"

"पॉवर वाढवा म्हणतात."

"ड्रायव्हरच्या सेटची?"

"नाही. टॉवरची."

तुम्ही कप खाली ठेवलात. "ज्याला ऐकू येत नाही तो आणखी मोठ्याने बोलला, तर त्याला ऐकू यायला लागेल?"

"तेच तर!" मी जवळजवळ ओरडलेच. "वाढवायचं ते ऐकणं, बोलणं नाही!"

"मग हे त्यांना सांगितलंस?"

मी डब्याचं झाकण लावत राहिले.

"इथे माझ्यासमोर तावातावाने बोलतेस आणि तिथे गप्प बसतेस. हे बरं नव्हे," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. वर्गात एखाद्याला बाकावर उभं न करता तुम्ही जसं उभं करत असाल, तसं वाटलं मला. पुढे म्हणालात, "त्यांना सांगताना इंग्रजी शब्द कमी वापर. मला सांगितलंस तसंच सांग."

त्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि तुम्हाला सांगितलं तसंच सांगितलं. साहेब वाईट नव्हते, वैतागलेले होते. सगळं ऐकून म्हणाले, "बरं, तू कर. पण पार्टी गेली तर मी तुझ्याकडे बोट दाखवणार." मला तेवढं पुरेसं होतं. आमचा टेक्निशियन आणि मी टॉवरवर चढलो आणि ऐकण्यासाठी जी अँटेना होती तिची केबल उलगडली. जोड उघडला तर आतून पाण्याची धारच लागली. कोण जाणे किती दिवस त्या पाण्यातून ड्रायव्हरांचे आवाज येत होते आणि अर्धे तिथेच मरत होते. केबल बदलली, डोंबिवली परत ऐकू यायला लागली. मग अँटेनाच्या जवळच, वरती, आवाज वाढवणारा छोटा ॲम्प्लिफायर बसवला. त्याने आणखी गोंधळ झाला, कारण शेजारच्या पेजरवाल्यांच्या अँटेनाची बडबडही तो इमानेइतबारे वाढवायला लागला. तुम्हाला हे सांगितल्यावर तुम्ही केवढे हसला होतात! "आधी गाळणी लाव, मग गरम कर," म्हणालात. खरंच तसंच केलं होतं आम्ही, आधी फिल्टर, मग ॲम्प्लिफायर. कल्याणच्या गल्ल्याही आल्या. ट्रस्टचे लोक जरा शांत झाले.

टिटवाळा मात्र येईना. कान कितीही तिखट केला तरी तो ठाण्यातच होता. उपाय एकच, की ऐकणारा वेगळा रिसीव्हर इकडेच कुठेतरी उंचावर ठेवायचा, त्याने ऐकलेलं टेलिफोनच्या भाड्याच्या लाइनवरून ठाण्याला पाठवायचं, आणि तिथे एका यंत्राने दोघांपैकी ज्याला स्पष्ट ऐकू आलं त्याचं घ्यायचं. आणि तेव्हा या भागात आपल्या बिल्डिंगएवढी उंच बिल्डिंग दुसरी नव्हती.

सोसायटीची ती मीटिंग मला आजही दिसते. गच्चीवर सतरंज्या, पाण्याच्या टाकीला टेकून बसलेले चेअरमन, खालून येणारा डासांचा लोंढा. मी समजावून सांगतेय आणि कुणी ऐकत नाहीये.

"वीज पडेल."

"वीजरोधक लावणार आहोत, काका. उलट आता काहीच नाही बिल्डिंगला."

"त्याच्यातनं किरणं येतात. पोरांना त्रास होईल."

"त्याच्यातून काही बाहेर येतच नाही. तो फक्त ऐकतो."

"ऐकतो? म्हणजे आमचं घरातलं बोलणं ऐकणार?" तळमजल्यावरच्या काकू उठून उभ्याच राहिल्या. सगळे हसले, पण हसणं संपल्यावरही कुणी हो म्हणेना. तेव्हा तुम्ही उभे राहिलात. तुम्ही कधी मीटिंगला बोलायचा नाहीत.

"चेअरमनसाहेब, तुमच्या आईंना मागच्या वर्षी कल्याणला कसं नेलं?"

चेअरमन म्हणाले, "टेम्पोने. अँब्युलन्स रस्ता चुकली होती."

"चुकली नव्हती. कुठे वळायचं ते विचारत होती, आणि तिचं विचारणं पोचत नव्हतं. माझी सून तेच दुरुस्त करायला बघतेय."

गच्चीवर अँटेना लावायला परवानगी मिळाली. पण यंत्रांचं कपाट जिन्यात नको, मीटरच्या खोलीत नको, यावर मंडळी अडून बसली. साहेब म्हणाले, दुसरी जागा शोधू, दोन-तीन महिने लागतील. ट्रस्ट तेवढं थांबणार नव्हता. मी घरी येऊन काही बोललेही नाही. कुणाकडून कळलं तुम्हाला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले तर आतली खोली मोकळी होती. घोडा बाल्कनीत, चित्रं दिवाणाखाली, रंगांच्या पेट्या फ्रिजवर. तुम्ही केरसुणीने कोपरे झाडत होता.

"बाबा, हे काय?"

"मोजून बघ, मावेल ना तुझं कपाट?"

"पण तुमचं चित्रांचं..."

"बाल्कनीत उजेड जास्त आहे," म्हणालात. ते खोटं होतं, हे मला चित्रकलेतलं काही कळत नसूनही कळलं. पश्चिमेची बाल्कनी, दुपारनंतर नुसतं ऊन. त्यानंतर तुम्ही मोठं चित्र काढलं नाहीत. तिथे कोपर हलवायला जागाच नव्हती. पोस्टकार्डाएवढे कागद कापून घ्यायचात आणि त्यावर होड्या काढायचात.

कपाट आलं. भिंतीत भोक पडलं, केबल आत आली, बॅटऱ्या आल्या, पंख्याची घरघर आली. सासूबाईंना ती घरघर झोपू देईना. "सून आणली ती आणली, वर हे आंदण," असं त्या शेजारणीला सांगताना मी ऐकलंय, आणि त्याच शेजारणीला कपाटाचं दार उघडून आतले हिरवे दिवे अभिमानाने दाखवतानाही पाहिलंय.

आमच्या तपासणीसाठी कपाटात छोटा स्पीकर होता. एरवी तो बंद ठेवायचा, लोकांचं बोलणं आपण ऐकायचं नाही, हे मी तुम्हाला बजावलं होतं. तुम्ही "हो हो" म्हणालात आणि एक दिवसही बंद ठेवला नाहीत. या भागात बोलणारे बहुतेक अँब्युलन्सवालेच होते. त्यातही गंमत अशी की कपाटाला फक्त ड्रायव्हरचं ऐकू यायचं. कंट्रोल रूमची बाई काय बोलली ते ठाण्याच्या टॉवरवरून दुसऱ्याच लहरीवर जायचं. तुम्हाला नुसती उत्तरं ऐकू यायची. "नाही, अजून पोचलो नाय." "हो, दोघी आहेत." "नको, तो रस्ता खराब आहे." प्रश्न तुम्ही जुळवायचात. मी घरी आले की मला उत्तर सांगून विचारायचात, प्रश्न काय असेल, ओळख. सासूबाईही खेळायच्या, आणि त्यांचेच प्रश्न चांगले असायचे. ड्रायव्हर तुम्हाला आवाजावरून माहीत झाले होते. एक घशातून बोलायचा, एक प्रत्येक वाक्यानंतर "बरं का ताई" म्हणायचा, एकाला बायकोने सोडलं असावं असा तुमचा तर्क होता. माणूस बोलायच्या आधी सेटने जागा मागितल्याची चिरक यायची, चिमणी एकदाच ओरडावी तशी, तीही तुमच्या कानाला सरावाची झाली होती.

गणपती होऊन गेले होते. दुपारची वेळ. मी नौपाड्याला ऑफिसात. आमच्याकडे टिटवाळ्याच्या लाइनचा लाल दिवा लागलेला होता, रस्ता खोदताना कुठेतरी केबल तुटली होती आणि मी तक्रार नोंदवून दुसऱ्या कामाला लागले होते. लाइन अधूनमधून जायचीच. म्हणजे कपाट ऐकत होतं, पण ऐकलेलं ठाण्याला पोचत नव्हतं. हे तुम्हाला माहीत नव्हतं.

पुढचं मला सासूबाईंनी सांगितलं, मग तुम्ही. तुम्ही बाल्कनीत होता. आतून चिरक आली. मागून माणूस बोलला नाही. परत चिरक. परत. तुम्ही आत जाऊन कपाटासमोर उभे राहिलात. सासूबाई म्हणाल्या, बिघडलं असेल, तिला संध्याकाळी सांगू. तुम्ही हात वर करून त्यांना गप्प केलंत. थोडा वेळ शांतता, मग एकामागोमाग एक चिरका, घाईघाईने.

"बिघडलेलं नाही," तुम्ही म्हणालात. "यंत्र असं चिडत नाही. कुणीतरी माणूस बटण दाबतोय आणि त्याला जागा मिळत नाहीये."

घरचा फोन उचललात, तो बंद. त्याच केबलवरचा. कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याचाही बंद. आणि मग तुम्ही, शर्ट चढवायचंही सुचलं नाही, गंजी-लेंग्यावर रिक्षात बसून स्टेशनात गेलात, कारण रेल्वेचा फोन वेगळ्या तारेवर असतो हे तुम्हाला ठाऊक होतं. स्टेशनमास्तर आधी ऐकेनात. समोर गंजीतला म्हातारा आणि म्हणतोय काय, की आमच्या कपाटात चिमणी ओरडतेय. तुम्ही त्यांना सांगितलंत, "मी शुद्धीवर आहे. कल्याणला एवढंच कळवा की अँब्युलन्सच्या ऑफिसला सांगा, तुमची गाडी टिटवाळ्याच्या बाजूला आहे, ती हाक मारतेय आणि तुम्हाला ऐकू येत नाहीये. खोटं निघालं तर मला इथेच बसवून ठेवा." आणि बाकावर जाऊन बसलात. त्यांनी फोन लावला.

कंट्रोल रूमची बाई त्या गाडीला हाका मारून थकली होती. उत्तर नाही म्हणजे ड्रायव्हर पेशंटच्या घरात गेला असेल, असं ती समजत होती. निरोप पोचल्याबरोबर तिने दुसरी गाडी काढली. पलीकडच्या गावाच्या रस्त्यावर पहिली गाडी चिखलात रुतून बंद पडलेली, बॅटरी बसलेली. आत बाळंतीण, घरीच बाळंत झालेली आणि रक्त थांबत नसलेली. सोबत तिची सासू, मांडीवर बाळ. ड्रायव्हर हातातला छोटा सेट घेऊन बांधावर उभा, भ्यां भ्यां ऐकत. दुसरी गाडी वेळेवर पोचली. बाई वाचली, मुलगीही.

तो ड्रायव्हर काही दिवसांनी घरी आला, आठवतं? घशातून बोलणारा तोच. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. पिशवीत वाळवलेल्या कोळंबीचे सोडे घेऊन दारात उभा.

"मास्तर तुमीच काय?" म्हणाला. आत येईना. मग कपाटापाशी जाऊन उभा राहिला. "कंट्रोलची बाय मला हाका मारते, ती मला ऐकू येतेय. माझं तिला जात नाय. बटन दाबून दाबून येडा झालो. म्हातारी मला विचारते, कोन येतंय का? काय सांगू तिला? मला वाटलं, आपला आवाज कोनीच ऐकत नाय."

"आवाज मीही नाही ऐकला रे," तुम्ही म्हणालात. "तू दार वाजवत होतास, ते ऐकलं."

तो रडायला लागला. तुम्ही अवघडून गेलात, पंख्याचं बटण उगाच बंद-चालू केलंत. सासूबाईंनी त्या रात्री सोड्यांची खिचडी केली आणि तुमच्या पानात दोनदा वाढली, न विचारता. त्यानंतर आमच्या कंपनीने टिटवाळ्यासाठी दुसऱ्या रस्त्याने एक जादा लाइन घेतली. साहेबांनी नाही म्हटलं होतं. मी केबिनमध्ये जाऊन, इंग्रजी शब्द कमी वापरून, ती मिळवली.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, हृदयविकाराने, फारसा त्रास न होता. दिवसकार्य झाल्यावर मी स्पीकर बंद करायला आतल्या खोलीत गेले. सासूबाई मागून म्हणाल्या, "राहू दे ग. घरात माणसांचा आवाज तरी येतो." कंपनी बंद पडून कपाट उचललं जाईपर्यंत तो चालू होता. मोबाइल आले, ट्रंक रेडिओ कुणाला लागेना. मीही मोबाइलवाल्यांकडे गेले, आणि तिथेही आयुष्यभर तेच करत आले. टॉवरचं बोलणं लांब जातं आणि फोनचं उत्तर पोचत नाही, ही भानगड तिथेही तशीच आहे. हाताखाली मुलं-मुली आहेत आता. एखादी माझ्यासमोर तावातावाने वरच्यांच्या चुका सांगते, तेव्हा माझ्या तोंडून निघून जातं, "मग हे त्यांना सांगितलंस?" ती हातातले कागद नीट करत राहते. मला तिचा राग येत नाही. मी तिच्याबरोबर केबिनच्या दारापर्यंत चालत जाते.

तुम्ही मला कधी शाबासकी दिली नाहीत, मीही तुमचे आभार मानले नाहीत. सून आणि सासऱ्यात तशी रीत नव्हती. तुम्ही खोली रिकामी केलीत, मी कपाट मोजलं, एवढंच. आज लिहिते की त्या खोलीवाचून माझं काहीच झालं नसतं, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

हे पत्र टपालात टाकायचा प्रश्नच नाही, आणि घरात कुणाला दाखवायचंही नाही. तुमच्या मुलाला तर नाहीच. कारण एक गोष्ट त्याला अजून ठाऊक नाही. त्याच्याशी भांडण झालं की मी आतल्या आत तुमच्याकडे फिर्याद नेते. तुमचा एकुलता एक मुलगा तो, पण इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही त्याची बाजू घेतलेली नाही.